स्टेशनांच्या सावलीतील कॅम्डेन

लंडन हे एकच शहर असे आपण समजतो. परंतु कारभाराच्या दृष्टीने ते बत्तीस 'बरों'चे, म्हणजे स्वतंत्र नगरमंडळ असलेल्या विभागांचे, आणि मधोमध असलेल्या जुन्या 'सिटी'चे बनलेले आहे. त्यांपैकी कॅम्डेन या विभागाची आज ओळख करून द्यावयाची आहे. हॅम्पस्टेड, सेंट पँक्रस व होबर्न हे तीन जुने विभाग जोडून १९६५ साली तो निर्माण झाला. क्षेत्रफळ अवघे बावीस चौरस किलोमीटर. २०२१ च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे २,१०,०००. उत्तरेस हॅम्पस्टेडचे हिरवे माळ व श्रीमंतांची घरे. दक्षिणेस ब्रिटिश म्युझियम आणि बॅरिस्टरांची 'ग्रेज इन' ही संस्था. या दोहोंमधला जो सखल पट्टा, तेथेच या विभागाचा खरा इतिहास घडला, असे मला वाटते.

या पट्ट्यात यूस्टन (१८३७), किंग्ज क्रॉस (१८५२) व सेंट पँक्रस (१८६८) ही तीन मोठी स्टेशने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. सेंट पँक्रसची लाल विटांची दर्शनी इमारत पाहिली की बोरीबंदर आठवते. पण रुळांना जागा लागते, आणि ती बहुधा गरिबांचीच घेतली जाते. अगार टाऊन नावाची एक वस्ती १८६० नंतरच्या दशकात येथून पुसली गेली. आठवड्याच्या भाड्याने राहणारी ती माणसे कोठे गेली, याची विचारपूस कोणी केली नाही. मृतांचीही सुटका नव्हती. सेंट पँक्रसच्या जुन्या दफनभूमीतील थडगी हलविण्याच्या कामावर टॉमस हार्डी नावाचा एक तरुण वास्तुशास्त्रज्ञ देखरेख करीत होता. पुढे तोच थोर कादंबरीकार झाला. एका वृक्षाभोवती दाटीने रचलेले थडग्यांचे दगड पुढे कित्येक वर्षे लोक पाहत असत. तो वृक्ष २०२२ च्या डिसेंबरात उन्मळून पडला.

शेजारच्या सोमर्स टाऊनमध्ये बेझिल जेलिको या धर्मोपदेशकाने १९२४ साली घरबांधणीची संस्था काढली. जुनी कोंदट घरे पाडताना त्या मंडळींनी उंदीर-ढेकणांच्या प्रतिमा जाहीरपणे जाळल्या! आपल्या होळीची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

घरांविषयीची ही हळवी जागा ध्यानात घेतली, तर अलीकडचा एक प्रसंग नीट उमगतो. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थिदशेत, १९२१-२२ साली, राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले. मात्र कॅम्डेनच्या नगरमंडळाने परवानगी नाकारली; राहण्याचे एक घर कमी होईल, हे त्याचे एक कारण. ती बातमी वाचून मला प्रथम राग आला होता. अगार टाऊनची हकीकत वाचल्यावर तो पुष्कळसा ओसरला. अखेर २०२० साली ब्रिटिश सरकारने चौकशी करून स्मारकास संमती दिली. तेथे जावयाचे असेल त्याने भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्टेशनावर उतरावे. घर तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.