चालकाचा पूर्वेतिहास आणि रुग्णवाहिकेची नोकरी



महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत वाहन चालविणे हा नुसता एक धंदा नव्हे. ज्या घराला डोंगरउतारावरची शेती वर्षभर पोसू शकत नाही, त्या घराचा तो आधार आहे. येथील तरुण मुंबईला जाऊन ट्रक, टेम्पो, टॅक्सी चालवितात. काही महाडच्या औद्योगिक वसाहतीतील टँकरवर राबतात. गावाकडे राहून महिन्याचा पगार मिळवावा असे ज्याला वाटते, त्याच्यासाठी जी थोडी दारे उघडी असतात त्यांत रुग्णवाहिकेचे एक आहे. २०१४ च्या जानेवारीत १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात सुरू झाली तेव्हा तिच्यात ९३७ गाड्या होत्या. या गाडीच्या चालकाला 'पायलट' म्हणतात. पदवी भारदस्त आहे. नेमणूक मात्र शासनाची नाही, कंत्राटदाराची आहे.

या नोकरीसाठी परवाना आणि अनुभव तर लागतोच, शिवाय पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीही मागितली जाते. ती मागू नये असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रसूतीला अडलेली स्त्री किंवा डोक्याला मार लागलेला मजूर रात्री महाडहून अलिबागला किंवा मुंबईला न्यायचा असेल, तर तो शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास कोणाच्या हाती द्यायचा याची चौकशी झालीच पाहिजे. दारू पिऊन गाडी चालविल्याबद्दल ज्याला शिक्षा झाली आहे, त्याला या गाडीवर बसवू नये. याबाबत दुमत नाही. प्रश्न आहे तो चालकाचा इतिहास लिहितो कोण, आणि तो वाचतो कोण, हा.

हा इतिहास कसा तयार होतो ते पाहण्यासारखे आहे. घाटात अपघात झाला, माणूस जखमी झाला किंवा दगावला, की गुन्हा बहुधा मोठ्या वाहनाच्या चालकावर नोंदविला जातो. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ व ३०४-अ खाली असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १०६ खाली असतो. या नोंदीला एक आर्थिक बाजूही आहे. मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीकडून पुरेशी भरपाई हवी असेल, तर चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम मृत्यूसाठी ५ लाख रुपये एवढीच आहे. अर्थात पोलिसांची नोंद हा दाव्याचा पहिला कागद ठरतो. वारसांना भरपाई मिळालीच पाहिजे, आणि ती विमा कंपनी देते. पण त्याच कागदाची दुसरी किंमत चालक आपल्या नावाने भरीत राहतो, आणि तिचा विमा कोणी उतरविलेला नसतो.

पुढे तारखा सुरू होतात. रोजंदारीवर ट्रक चालविणाऱ्या माणसाला मुंबईहून महाडच्या न्यायालयात येणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च. चार-सहा तारखा झाल्या की कोणीतरी सल्ला देतो : 'कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो.' बेदरकारपणे गाडी चालविल्याच्या कलमाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. कोणी मेलेले नसेल, तर दंडावर प्रकरण मिटते. हिशेब सरळ दिसतो : हजार रुपये भरणे हे आणखी पाच तारखांपेक्षा स्वस्त. पण हा कबुलीजबाब म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोषसिद्धी. पाच वर्षांनी तोच माणूस रुग्णवाहिकेसाठी अर्ज करतो आणि पडताळणीत तो दंड उगवतो. ज्याच्यापाशी तारखांना पुरण्याइतका पैसा होता तो कदाचित निर्दोष सुटतो. ज्याच्यापाशी नव्हता तो 'गुन्हेगार' ठरतो. चालविण्याच्या कौशल्याचा येथे संबंध येतो तरी कोठे?

दुसरीकडे, जे खरोखर पाहावयास हवे ते या इतिहासात येतच नाही. कॅमेऱ्याने पकडलेल्या वेगाचे चलन गाडीच्या क्रमांकावर, म्हणजे मालकाच्या नावे जाते. सुसाट जाणारा चालक कागदावर स्वच्छ राहू शकतो. सलग किती तास त्याला गाडीवर बसविले गेले, ब्रेकची तक्रार त्याने मालकाकडे केली होती काय, यांची नोंद अपघाताच्या पंचनाम्यात कोण शोधणार?

आणि रस्त्याचा पूर्वेतिहास? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, एस. टी. च्या दोन गाड्या चालक-वाहक-प्रवाशांसह वाहून गेल्या. त्याच वर्षीच्या पाहणीत तो पूल वाहतुकीस योग्य ठरला होता. २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण सुरू झाले आणि वर्षानुवर्षे वाहने खोदलेल्या, वळविलेल्या रस्त्यावरून धावली. त्या काळातल्या अपघातांत चालकांवर गुन्हे नोंदले गेले. कंत्राटदाराचे काम वेळेत झाले नाही, म्हणून त्याला पुढचे कंत्राट नाकारताना किती वेळा पाहिले गेले आहे?

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात या विषयावर विवेकाची भूमिका घेतली. माहिती लपवू नये, हे तर खरेच. परंतु प्रकरण किरकोळ असेल तर नेमणूक करणाऱ्याने त्याचे स्वरूप पाहून विचार करावा आणि किरकोळ खटला प्रलंबित असला तरी आपल्या अधिकारात नेमणूक देता येते, असा त्या निकालाचा आशय आहे. तो वाद शासकीय सेवेतला होता. कंत्राटी चालकाला असा विचार मागण्याची जागाच उरत नाही. त्याला नाकारल्याचे पत्रसुद्धा मिळेलच असे नाही, मग दाद कशाविरुद्ध मागायची? एस. टी. त अपघात झाला तर खातेनिहाय चौकशी होते, चालकाला आपली बाजू मांडता येते, आणि अपघातरहित सेवेबद्दल त्याचा सत्कारही होतो. म्हणजे तेथे चांगला इतिहासही नोंदला जातो. रुग्णसेवेत कंत्राटदार बदलला की चालकाची दहा वर्षांची निर्मळ सेवाही जुन्या कार्यालयाच्या कपाटात राहते.

२२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, महाड पाण्याखाली गेले, घाट बंद पडले, आणि मोठी मदत गावात पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. अशा रात्री कोणत्या वळणावर डोंगर माती सोडतो, हे जाणणारा चालक लागतो. हे ज्ञान दाखल्यावर लिहिलेले नसते. म्हणून उमेदवाराची परीक्षा आंबेनळी किंवा वरंध घाटात, पावसात आणि रात्री घेतली जावी. गुन्हा नोंदला गेला एवढ्यावरून कोणास नाकारू नये. शिक्षा कशाबद्दल, परवाना निलंबित झाला होता काय, हे विचारावे आणि उत्तर ऐकून घ्यावे. शिवाय रुग्ण नेताना अपघात झाला, तर वकिलाचा खर्च सेवा चालविणाऱ्याने सोसावा. रुग्णवाहिकेला सिग्नल ओलांडण्याची सवलत नियमांनी दिली आहे. पण काळजीची जबाबदारी चालकाचीच ठेवली आहे, हे विसरून चालणार नाही.

या मागण्या मुंबईत मान्य होतील तेव्हा होतील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अल्प उत्पन्नाच्या आरोपीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करावयाचा असतो. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक दिवस महाडच्या न्यायालयाच्या आवारात बसावे, तारखेला आलेल्या चालकांची नावे घ्यावीत, अर्ज भरून द्यावेत, आणि कोणी घाईने कबुलीजबाब द्यायला निघाला असेल तर आत जाण्यापूर्वी त्याला थांबवावे.