गंजलेला सायलेन्सर
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बँकेत ३४ वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. आज स्वतःची एक सांगतो.

माझी मारुती ८०० तुम्हाला ठाऊक आहे. दिसायच्या आधी ऐकू येत होती! निवृत्तीनंतर तिचा प्रवास घर ते रंकाळा, एवढाच. पेट्रोल जळताना पाण्याची वाफही तयार होते. लांब पल्ल्यात सायलेन्सर तापतो आणि ती बाहेर पडते. छोट्या फेऱ्यांत आतच पाणी साठून पत्रा खाते. त्यात आपला कोल्हापूरचा पावसाळा. शेवटी सायलेन्सरला भोक पडलं.

उद्यमनगरात न्यायचं सोडून मी घरीच काढायला बसलो. पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवली आणि खाली शिरलो. नट हलेना. जोर लावणार, तोच बी विंगमधला आयटीआयचा मुलगा ओरडला, “काका, आधी बाहेर या बघू!” मी चिडूनच बाहेर आलो. त्याने गाडीला हाताने जरा ढकललं, तशी ती जॅकवरून घसरून धाडकन खाली बसली. क्षणापूर्वी तिथे माझं डोकं होतं.

मग त्याने रीत शिकवली. सायलेन्सर पूर्ण गार होऊ द्यायचा. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड. जॅक फक्त उचलायला. गाडी टेकवायची लोखंडी स्टँडवर. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण गंज वरून डोळ्यांतच पडतो. नट तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवणारं तेल मारायचं आणि रात्रभर थांबायचं. सकाळी बॉक्स पाना लावून आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. हिसका दिला की बोल्ट तुटतो. रबरी हँगरला साबणाचं पाणी लावलं, की ते सरकतात. एक नट तरीही हटला नाही, तो हेक्सॉने कापला. गॅसने तापवायचं काम मात्र मिस्त्रीकडेच. जवळ पेट्रोलची टाकी असते.

मंडळी, याच मुलाच्या मोटारसायकलीबद्दल मी कमिटीकडे दोनदा लेखी तक्रार दिली होती. ते त्याला माहीत होतं. तरी तो थांबला.

त्या दोन्ही तक्रारी मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो. आणि एक विनंती : सोसायटीने स्टँडची एक जोडी वॉचमनच्या खोलीत ठेवावी. पैसे मी देतो. जॅकवरच्या गाडीखाली आपल्यापैकी कोणीही पुन्हा शिरू नये.