भरतकामासाठी कापडाची निवड
(महिला बचत गटांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



भरतकामाचा विचार बहुधा नक्षीपासून सुरू होतो. नक्षी ठरते, दोऱ्यांचे रंग ठरतात आणि कापड मात्र शेवटी, स्वस्त मिळेल ते घेतले जाते. वास्तविक हा क्रम उलट असावयास हवा. मेजपोसावर तीन-तीन आठवडे टाके घालावयाचे आणि पहिल्याच धुण्यात त्याला चुण्या पडावयाच्या, यात कापडाची किंमत तर जातेच. पण त्याहून कितीतरी मोलाचे श्रम वाया जातात.

कोणते कापड घ्यावे, हे टाक्यावर अवलंबून असते. टाक्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला धागे मोजून घालावयाच्या टाक्यांचा. धारवाड-हुबळी भागातील कशिदा याच वर्गातला. इरकली लुगड्यांवर तो शोभतो. त्यासाठी कापडावर नक्षी छापीत नाहीत. उभे-आडवे धागे मोजूनच गोपुर, रथ, तुळशीवृंदावन उमटविले जाते. पंजाबची पारंपरिक फुलकारीदेखील जाड्याभरड्या खादीवर, उलट्या बाजूने धागे मोजून भरली जाते. अशा कामाला धागे स्पष्ट दिसणारे, सम विणीचे कापड हवे. फुलीच्या टाक्यासाठी मॅटी किंवा दुसुती घेतात, ते याच कारणाने.

वीण सम आहे की नाही, हे दुकानातच पाहता येते. एका इंचातील उभे व आडवे धागे सुईच्या टोकाने मोजावेत. समजा, उभे 30 आणि आडवे 24 भरले, तर 30 धागे रुंद व 30 धागे उंच असा चौकोन भरल्यावर त्याची रुंदी 1 इंच आणि उंची सव्वा इंच होईल. चौकोनाचा आयत झाला, तर तो दोष भरणारीच्या हाताचा नव्हे, कापडाचा असतो.

दुसरा वर्ग आखलेल्या नक्षीवरील टाक्यांचा: साखळी टाका, उलटी टीप, भरीव टाका, गाठीचा टाका. येथे केंब्रिक, पॉपलिन यांसारखे घट्ट विणीचे कापड उपयोगी पडते. विरळ विणीत टाका सरकतो. मात्र कापड पातळ असेल, तर दोराही बारीक हवा. सहापदरी दोऱ्याचे एक-दोन पदरच मलमलीला पुरतात. लखनौच्या चिकनकामात उलट्या बाजूच्या टाक्यांची छाया सुलट्या बाजूस दिसते, ती मलमल पारदर्शक असते म्हणूनच. तोच टाका मांजरपाटावर घातला, तर छाया हरवते.

बंगालमधील कांथा आणि आपली गोधडी यांचेही शिक्षण हेच आहे. वापरून मऊ झालेल्या साड्या-धोतरांच्या थरांतून सुई सहज जाते. खळीच्या कोऱ्या कापडाचे तितकेच थर हाताला त्रास देतात.

कापड आणल्यावर ते रात्रभर पाण्यात भिजवावे, वाळवून इस्त्री करावी आणि मगच कापावे. सुती कापड आटते. आधी भरलेला दोरा त्याच्याबरोबर तितकाच आटत नाही, म्हणून चुण्या पडतात. भिजवल्याने खळही निघून जाते व खरा पोत हाताला कळतो. दाट विणीचे वाटलेले एखादे स्वस्त कापड खळ जाताच जाळीदार निघते! रंगीत कापडावर ओले पांढरे फडके चोळून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर त्यावर पांढऱ्या दोऱ्याने भरू नये.

बचत गटांनी आणखी एक दक्षता घ्यावी. एका मागणीचे सर्व कापड शक्यतो एकाच ताग्यातून घ्यावे. कारण दोन ताग्यांच्या रंगात व आटण्यात फरक पडू शकतो. प्रथम वीतभर तुकडा आणून त्यावर नक्षीचा एक कोपरा भरावा, तो दोनदा धुवावा आणि मगच संपूर्ण खरेदी करावी. तो तुकडा, दुकानाचे नाव व दर यांसह गटाच्या वहीत चिकटवून ठेवावा. पुढच्या मागणीच्या वेळी नव्या सभासद भगिनींनाही त्याचा आधार होईल.