गस्तीचे लहान तारायान



आजचा विषय बाहेरच्या फलकावर वाचून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडली असेल. ज्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही, ज्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते पण जेथे जहाज म्हणून कोणी पाहिलेले नाही, तेथे बसून ताऱ्यांमधून फिरणाऱ्या जहाजाची आखणी कसली करता, आणि तीही खेळातल्या, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. आम्ही एवढेच म्हणतो की तासभर ऐकून घ्यावे. मग आठी ठेवायची की काढायची ते ज्याचे त्याने ठरवावे.

आधी खेळाविषयी दोन शब्द. ह्यात पट नाही, सोंगट्या नाहीत म्हटले तरी चालेल. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाने एक माणूस कल्पिलेला असतो, कोणी सुकाणू धरणारा, कोणी वैद्य, कोणी यंत्रांची देखभाल करणारा. एक जण पंच होतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या माणसाच्या वतीने काय करणार ते सांगतात, आणि जेथे नशिबाचा प्रश्न येतो तेथे फासे टाकतात. ह्या तऱ्हेचा पहिला छापील खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला, पण तो तळघरांचा आणि राक्षसांचा होता. १९७७ साली इलिनॉय राज्यातल्या गेम डिझायनर्स वर्कशॉप ह्या मंडळीने मार्क मिलर ह्यांचा ‘ट्रॅव्हलर’ नावाचा खेळ काढला. काळ्या मुखपृष्ठांची तीन लहान पुस्तके, एका पेटीत. त्यातले दुसरे पुस्तक सगळे जहाजांचे. १९८१ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. आम्ही पुढे जे आकडे सांगणार आहोत ते ह्या आवृत्तीच्या हिशेबाचे आहेत.

जाता जाता एक योगायोग सांगतो. त्याच १९७७ सालच्या १ फेब्रुवारीस आपल्या देशाचे तटरक्षक दल नौदलाकडून घेतलेल्या थोड्या जहाजांनिशी प्रथम उभे राहिले. किनाऱ्याची गस्त हे त्याचे काम. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, परंतु गस्तीच्या जहाजाचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. किती लांब जायचे, किती वेगाने जायचे, आणि पोचल्यावर काय करायचे?

आपल्या इतिहासातही हा प्रश्न सुटलेला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात गुराबा होत्या आणि गलबते होती. रॉबर्ट ऑर्म ह्या इंग्रज इतिहासकाराने त्यांचे वर्णन केले आहे. गलबत सत्तर टनांहून मोठे क्वचित, चाळीस-पन्नास वल्ही, सहा-आठ लहान तोफा. वारा पडला की मोठ्या विलायती जहाजाचा खुळखुळा व्हायचा आणि गलबत वल्ह्यांवर पळायचे. पण एवढ्याशा गलबतात पन्नास वल्हेकऱ्यांचे पिण्याचे पाणी किती दिवसांचे मावणार? त्याचे उत्तर गलबतात नव्हते, किनाऱ्यावर होते. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग. मागे किल्ला होता म्हणून जहाज लहान ठेवता आले. ताऱ्यांमधल्या गस्तीला मागे किल्ला नाही. सगळे पोटात घालून न्यायचे.

आता हिशेबाला बसू. खेळातला टन वजनाचा नव्हे, जागेचा. एक टन द्रव हायड्रोजनला जेवढी जागा लागते, म्हणजे सुमारे चौदा घनमीटर, तो एक टन. ह्या मापाने आकाशातल्या उडीचे सर्वांत लहान जहाज शंभर टनांचे. चौदाशे घनमीटर म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची सव्वाअकरा मीटर असलेले एक घर. सुभाष रोडवर अशी तीन मजली माडी कोणी बांधली तर मान वर करून पाहणार नाही कोणी. त्यात यंत्रे, तोफ, माणसे, आणि सर्वांत मोठा रांजण इंधनाचा.

त्या पुस्तकात गस्तीचे म्हणून दिलेले जहाज चारशे टनांचे आहे, त्यात अठरा माणसे लागतात. ते आमच्या कामाचे नव्हते. आम्ही घेतले ते टेहळणीचे आणि टपालाचे शंभर टनी जहाज, आणि त्यालाच गस्तीला लावायचे ठरवले. त्याची वाटणी ऐका. सुकाणूघराला वीस टन. यंत्रांना पंधरा. गणकयंत्राला एक. चार खोल्यांना प्रत्येकी चार म्हणजे सोळा. खोली चार टनांची हे ऐकून चैन वाटेल, पण त्यात तिच्या वाट्याची वाट आणि हवापाण्याची सोयही धरलेली आहे. तोफेच्या नियंत्रणाला एक. जमिनीवर किंवा दुसऱ्या जहाजापाशी जायला एक लहान तरंगती गाडी, तिला चार. मालाला तीन. आणि इंधन चाळीस. बेरीज करून पाहा, शंभर भरतात, एक टनही इकडे तिकडे नाही. ज्याने हे प्रथम मांडले त्याच्या हाताला काटकसरीची सवय असावी असे आम्हांस वाटते.

चाळीसपैकी वीस टन एका उडीला जातात. उडी म्हणजे एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जाणे. जहाजाच्या दहावा भाग इंधन जाळले की एक घर पुढे, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षे. आमच्या जहाजाची उडी दोन घरांची, म्हणून वीस. घर एक असो की दोन, उडीला आठवडा लागतोच. उरलेल्या वीस टनांवर चार आठवडे दिवे, हवा आणि इंजिने चालतात. म्हणजे एक उडी मारली की टाकी भरल्यावाचून दुसरी नाही. मोठ्या वायुमय ग्रहाच्या वरच्या थरातून हायड्रोजन गोळा करावा किंवा एखाद्या ग्रहावरचे पाणी उपसावे, असा नियम आहे. हे समजावताना मुंबईकडच्या श्रोत्यांपुढे आम्हांला फार खटपट करावी लागते. येथे लागत नाही. ज्यांनी टँकरची वाट पाहिली आहे, २०१६ च्या एप्रिलात शेजारच्या लातुराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेले पाहिले आहे, त्यांना भरलेली टाकी म्हणजे काय ते कोणी सांगायला नको.

आणखी एक नियम आहे, आणि तो आमच्या मते साऱ्या खेळाचा कणा आहे. जहाजाहून वेगाने निरोप जात नाही. तार नाही, फोन नाही. एका ताऱ्याची बातमी दुसऱ्याला कळायची तर कोणी तरी उडी मारून जाऊन सांगायची. म्हणून गस्तीच्या जहाजाला बोलावून आणता येत नाही. ते आधीच तेथे असले तर उपयोग.

आता प्रत्यक्ष आखणीकडे येतो. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे रविवारी पाचसहा मुले येत. विज्ञानकथा वाचणारी मुले, नारळीकर वाचून झालेली. हिशेबाचा कागद पुढ्यात होता. एक मुलगा, त्याला आपण तोफवाला म्हणू, त्याने पहिल्या फटक्यात सांगितले की गस्त म्हटल्यावर तोफ पाहिजे, तिला हात लावायचा नाही. बरे, म्हटले. दुसऱ्याने सुचवले की उडी एकाच घराची ठेवावी. दहा टन इंधन वाचेल, त्यात शीतनिद्रेच्या पेट्या बसवू. एक पेटी अर्ध्या टनाची, दहा टनांत वीस. बुडणाऱ्या जहाजावरची वीस माणसे झोपवून आणता येतील. सूचना दयाळूपणाची होती. पण वीस माणसांची जागा असलेले जहाज माणसांपर्यंत पोचलेच नाही तर त्या पेट्यांत काय ठेवायचे? ह्यावर तासभर वाद झाला. आम्ही पंच म्हणून गप्प बसलो, आणि सांगायला हरकत नाही, मनातून आम्हांलाही उत्तर सापडत नव्हते.

त्या मुलांत एक मुलगी होती. तिचे आईवडील दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, आणि ती मागे हंगामी वसतिगृहात राहून शिकलेली. त्या आधी लहानपणी तीही तोडीवर गेलेली होती. खेळातल्या व्यापारी जहाजांची गोष्ट आम्ही सांगत होतो. किमतीचा पाचवा भाग आधी भरायचा, मग दरमहा किमतीचा दोनशेचाळिसावा भाग, असे चारशेऐंशी महिने. म्हणजे चाळीस वर्षे, आणि शेवटी किमतीच्या दुपटीहून अधिक. ती हसली आणि म्हणाली, “ही तर उचलच की, सर. मुकादम कोण ह्यांचा?”

तिनेच मग कागद ओढून घेतला. “चार माणसं, न् चार खोल्या? कशाला?” तिने विचारले. सुकाणूवाला, यंत्रवाला, तोफवाला आणि वैद्य, प्रत्येकास एक, असे आम्ही धरले होते. नियमात दोघांनी एका खोलीत राहायला मनाई नाही, सैनिकी जहाजांवर तशी रीतच आहे, पण ते कोणाच्या ध्यानी आले नव्हते. तोफवाला म्हणाला की अधिकारी लोक असे दाटीवाटीने कसे राहतील. ती म्हणाली, “कोपीत आम्ही पाच जण राहायचो, सहा महिने. वर पाचटाचं छप्पर. आठवडाभर दोघांना एक खोली पुरत नाही होय?”

ह्यावर कोणी काही बोलले नाही. आपल्या जिल्ह्यातून दरसाल जी बिऱ्हाडे निघतात त्यांची गाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. गाडीत ज्वारी-बाजरी, तवा, हंडा, अंथरुणे, वर कोंबडी किंवा शेळी, आणि ह्या सगळ्यांच्या बेचक्यात मूल. त्या गाडीत काय घ्यायचे नि काय घरी ठेवायचे हे ज्या बाईने ठरवले तिला जहाज आखायला बसवले असते तर आमचे तीन रविवार वाचले असते. हे आम्ही कौतुकाने म्हणत नाही. तशी गाडी भरायची पाळी कोणावर येऊ नये. पण ती भरण्यात जो हिशेब आहे तो हिशेबच आहे, आणि तो आमच्याजवळ नव्हता.

तर तिची आखणी अशी. उडी दोन घरांचीच, इंधन चाळीसच. दोन खोल्यांत चौघे. तिसरी खोली आजाऱ्यासाठी मोकळी. चौथी काढून टाकायची, तिच्या चार टनांत आठ पेट्या. मालाच्या तीन टनांत धान्य आणि औषध. तरंगती गाडी ठेवायची, कारण बुडणाऱ्याकडे जायचे ते तिनेच. वैद्य मात्र चांगला हवा. पेटीतून उठवताना दोन फाशांवर पाच किंवा अधिक पडले तर माणूस जगतो. म्हणजे साधारणपणे सहांतला एक दगावतो. हाताशी चांगला वैद्य असला तर एक अंक वाढवून मिळतो आणि बारांत एक. पेटी अर्ध्या टनाची खरी, पण तिची खरी किंमत ही आहे.

पुढल्या रविवारी आम्ही प्रसंग घातला. ज्या ताऱ्याभोवती वस्ती नाही तेथे एक मोडके व्यापारी जहाज, यंत्र बंद, आत अकरा माणसे. ही संख्या आम्ही मुद्दाम निवडली हे कबूल करतो. पेट्या आठ, आजाऱ्याच्या खोलीत दोघे, झाले दहा. अकरावा माणूस कोठे? मोडक्या जहाजावर एकाला ठेवून जायचे तर जाण्याचा आठवडा, येण्याचा आठवडा, मध्ये टाकी भरणे. किमान पंधरा दिवस, एकट्याने, अंधारात. वैद्य म्हणाला, चिठ्ठ्या टाका. यंत्रवाल्याने विचारले, तोफेचा एक टन असता तर? दोन पेट्या झाल्या असत्या. अकरावाही आला असता आणि वर एक पेटी रिकामी राहिली असती. सगळ्यांनी तोफवाल्याकडे पाहिले. त्या साऱ्या खेळात तोफ एकदाही उडाली नव्हती. मुलगा लाल झाला, कागदाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “तोफ मी मागितली. माझा माणूस मागे राहतो. त्या अकराव्याला माझ्या जागेवर न्या.” तीन टनांतले धान्य त्याच्यासाठी उतरवले. फासे टाकून पुढे काय झाले ते सांगत बसत नाही. तो जगला, एवढे सांगितले नाही तर तुम्ही आम्हांला घरी जाऊ देणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी तो नवा कागद घेऊन आला. तोफ खोडलेली, तिच्या जागी दोन पेट्या. आम्हांला वाटले, झाले, आखणी पुरी झाली. पण ती मुलगीच आडवी आली. म्हणाली, वाटेत अडवणारे असतात, सर, आणि अडवणाऱ्यांना ठाऊक असतं गाडीत कोण आहे ते. पेट्यांत आठ माणसं निजलेली, हातात काही नाही, तेव्हा काय करायचं? तो म्हणाला, पळायचं. ती म्हणाली, टाकी रिकामी असली तर? ह्याला त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आमच्यापाशीही नाही. तिने शाईने पुन्हा “तोफ” असे लिहिले, त्याने ते कंसात घातले, आणि सुटी संपली.

तो कागद आम्ही बरोबर आणला आहे. व्याख्यान झाल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी व्यासपीठापाशी यावे. पेन्सिलही ठेवली आहे.