मॉस्कोतील दहा रात्री

चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ या कादंबरीत उरिया हीप नावाचा एक कारकून आहे. उठताबसता स्वतःच्या नम्रतेची ग्वाही देणारा आणि अंतर्यामी कमालीचा कारस्थानी असा हा इसम. १९६९ साली लंडनमधील काही तरुण वादकांनी आपल्या पथकासाठी हेच नाव उचलले. ही मंडळी ‘हार्ड रॉक’ या संगीतप्रकाराची. विजेच्या गिटारचा घनगंभीर नाद, ऑर्गनचे दाट स्वर, ड्रमचा दणदणीत ठेका आणि या सर्वांवर तारसप्तकात एकमेकांत मिसळून चढत जाणारे कंठ, ही त्यांची ओळख.

समीक्षकांनी मात्र या पथकाला आरंभापासून कठोरपणे वागविले. १९७० साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकातील परीक्षणात, हे पथक यशस्वी झाले तर आपल्याला आत्महत्याच करावी लागेल, अशा आशयाचा शेरा होता. पथक यशस्वी झाले. पण तो शेराही त्याला कायमचा चिकटला. लेड झेपेलिन आणि डीप पर्पल यांना मिळाला तसा मान उरिया हीपच्या वाट्याला क्वचितच आला. पुढे घरचेही वासे फिरले. गॅरी थेन हा बेस गिटारवादक १९७५ साली वारला. डेव्हिड बायरन या मूळ गायकाला १९७६ मध्ये पथक सोडावे लागले आणि १९८५ मध्ये तोही निवर्तला. बहुसंख्य गीते रचणारा केन हेन्स्ली १९८० मध्ये निघून गेला. संस्थापकांपैकी एकटा मिक बॉक्स तेवढा उरला.

अशा अवस्थेत, १९८७ च्या डिसेंबरात, या पथकाने मॉस्कोच्या ‘ऑलिंपिस्की’ क्रीडागृहात दहा कार्यक्रम केले. त्यांतून सिद्ध झालेली ‘लाइव्ह इन मॉस्को’ ही ध्वनिमुद्रिका १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

श्रोतेहो, तो काळ ध्यानी घ्यावयास हवा. गोर्बाचेव्ह यांनी १९८५ मध्ये सत्तासूत्रे हाती घेतल्यावर सोव्हिएत संघाची दारे किलकिली होऊ लागली होती. याच डिसेंबरात त्यांनी आणि अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांसंबंधीच्या करारावर वॉशिंग्टनमध्ये सह्या केल्या. तत्पूर्वी कित्येक वर्षे पाश्चात्त्य रॉक संगीत तेथील तरुणांपर्यंत पोहोचे ते बहुधा आडवाटेने. एका टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्यावर, प्रतीवरून प्रत उतरविली जाई. प्रत्येक उतरणीगणिक स्वर अधिक धूसर होई, आणि आस्था मात्र वाढत जाई. ज्यांना इंग्लंडमधील परीक्षणे कधी वाचावयास मिळाली नाहीत, त्यांनी केवळ कानांवर विश्वास ठेवून या पथकाला आपलेसे केले होते. बल्गेरियात तर ‘जुलै मॉर्निंग’ या १९७१ मधील त्याच्या गीताच्या नावाने १ जुलैचा सूर्योदय समुद्रकाठी जमून पाहण्याची प्रथा रूढ झाली.

आपल्याकडील रसिकांना हे सहज उमगेल. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत गवयाचा आवाज सापडे, पण मैफल सापडत नसे. कारण मैफलीचा निम्मा कर्ता समोर बसलेला असतो. ‘लाइव्ह’ ध्वनिमुद्रिकेची खरी कसोटी तीच. गाणाऱ्यास समोरच्याने काय दिले, ते तिच्यात ऐकू यावयास हवे.

मॉस्कोच्या मंचावर गाणारा बर्नी शॉ हा कॅनडाचा गायक पथकात १९८६ मध्येच आलेला. त्याने म्हणावयाची गीते दुसऱ्याच्या कंठातून श्रोत्यांच्या मनात वर्षानुवर्षे रुजलेली. तो बायरनची नक्कल करीत नाही. गीताचे वळण सांभाळून स्वतःच्या स्वच्छ, टणक आवाजात ते मांडतो. ‘द विझर्ड’, ‘जुलै मॉर्निंग’, ‘ईझी लिव्हिंग’ ही ओळखीची गीते तर आहेतच. पण ‘कोरीना’, ‘मिस्टर मॅजेस्टिक’ आणि ‘पॅसिफिक हायवे’ ही तीन नवी गीतेही धाडसाने त्यांच्या शेजारी बसविली आहेत. केवळ गतवैभवावर गुजराण करणारे पथक असे करीत नाही.

मुद्रिका निर्दोष नाही. त्या दशकातील विजेच्या कळवाद्यांचा चकचकीत नाद जुन्या हॅमंड ऑर्गनची ऊब देत नाही. १९७३ साली बर्मिंगहॅम येथे मुद्रित झालेला याच पथकाचा ‘लाइव्ह’ जोडसंच नादाच्या दृष्टीने अधिक भरदार आहे. तथापि त्या संचात यशाच्या शिखरावरील पथक आहे. येथे सर्वस्व गमावून पुन्हा उभे राहिलेले पथक आहे, आणि त्याला उभे करणारे श्रोतेही आहेत.

ते क्रीडागृह पुढे पाडण्यात आले. ड्रमवादक ली कर्सलेक २०२० मध्ये, तर बेस गिटारवादक ट्रेव्हर बोल्डर २०१३ मध्ये कालवश झाला. परीक्षकाचा शेरा एका दिवसात लिहिला जातो. श्रोत्यांचा निर्णय लागावयास कधी सतरा वर्षे लागतात, आणि तो भलत्याच देशात, भलत्याच भाषेत लागतो. मॉस्कोतील टाळ्यांच्या रूपाने तो या ध्वनिमुद्रिकेत नोंदला गेला आहे.