राक्षस कोणी ठरवला?

(संस्थेच्या युवक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर वाचून ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. जपानी चित्रकथा, ज्यांना तिकडे ‘मांगा’ म्हणतात, त्या आता नगरमध्येही घरोघरी मुलांच्या मोबाईलवर आल्या आहेत. ‘भुताखेतांची चित्रे कशाला पाहता, त्यापेक्षा बाबासाहेब वाचा,’ असे आपण त्यांना सुनावतो. बाबासाहेब वाचायलाच हवेत. परंतु ही मुले त्या चित्रांत नेमके काय शोधत असतात, हे एकदा विचारून तर पाहा!

मुलांच्या तोंडी सतत असणारी एक मालिका म्हणजे ‘जुजुत्सू काइसेन’. गेगे अकुतामी या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराने ती मार्च २०१८ ते सप्टेंबर २०२४ या काळात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात २७१ प्रकरणांत पूर्ण केली. माणसांच्या मनातील भीती, द्वेष, दुःख साचत जाते आणि त्यातून ‘शाप’ नावाचे विक्राळ जीव जन्माला येतात, अशी तिची मूळ कल्पना. लोभ, द्वेष आणि मोह या तीन अकुशल मुळांविषयी विहारात ऐकलेल्या मुलाला ती परकी वाटू नये.

या मालिकेचे वाचक चित्राच्या कोपऱ्यातली खूण पाहून तर्क लढवतात, त्याला ते ‘थिअरी’ म्हणतात. २०२३ मध्ये गोजो हे लाडके पात्र मारले गेले, तेव्हा तो परत येणार याचे पुरावे जगभर शोधले गेले. शेवटी गोजो जिवंत होऊन काही परत आला नाही. अशा तर्कांत मला फारसा रस नाही. पुढचा अंक आला की त्यांचा निकाल लागतो.

पण काही खुणा खरोखरच पेरलेल्या आहेत. आम्ही बँकेत सही पडताळतो ती ‘सारखी दिसते’ म्हणून पास करीत नाही, नमुना सहीशी ताडून पाहतो. तसा नमुना येथे हाती लागतो. हाच गोजो एका प्रसंगी स्वर्ग-पृथ्वीत आपणच श्रेष्ठ असल्याचे उद्गार काढतो. मुलांना ती वीराची बढाई वाटते. वास्तविक सिद्धार्थाने जन्मताच सात पावले टाकून हे उद्गार काढले, अशी दंतकथा बौद्ध देशांत प्रसिद्ध आहे. दरवर्षी ८ एप्रिलला जपानी लोक एक हात वर आणि एक हात खाली केलेल्या बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात, तो याच कथेचा उत्सव. त्या कथेत हा शेवटचा जन्म, यापुढे जन्म नाही, असाही भाग आहे. चित्रकथेने बढाई तेवढी उचलली आणि मुक्तीचा भाग सोडून दिला.

पात्रे लढताना बोटांच्या ज्या मुद्रा करतात, त्यांचेही तसेच आहे. खलनायक सुकुना याची मुद्रा ‘एनमातेन’ची, म्हणजे आपल्या यमाची. मंत्र आणि मुद्रांची ही परंपरा कूकाई नावाच्या भिक्खूने चीनमध्ये शिकून ८०६ साली जपानला नेली. तिचे मूळ भारतात. वेरूळच्या बाराव्या लेण्यात, तीन ताल म्हणतात त्यात, मध्ये बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व असे नऊ चौकटींचे मंडल दगडात कोरलेले आहे. नगरचा मुलगा ज्याला जपानी समजतो, ते त्याच्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्यासारख्या अंतरावर आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी उभा आहे, तो सुकुना. मालिकेत तो शापांचा राजा आहे. तोंडे दोन, हात चार, म्हणून बोटे वीस, आणि त्या वीस बोटांभोवती सारी कथा फिरते. हे पात्र चित्रकाराने निव्वळ कल्पनेतून काढलेले नाही. ‘निहोन शोकी’ हा जपानच्या राजदरबाराने इ.स. ७२० मध्ये पूर्ण केलेला इतिहासग्रंथ. त्यात हिदा प्रांतातल्या सुकुनाची नोंद आहे. एका धडाला दोन तोंडे, चार हात. तो राजाज्ञा मानीत नसे, प्रजेला लुटत असे, म्हणून सेनापती पाठवून त्याला मारले. नोंद संपली.

पण हिदाच्या लोकांना विचारा! तिथल्या सेन्कोजी या बौद्ध मंदिराची परंपरा सांगते की, मंदिराची स्थापनाच सुकुनाने केली. सतराव्या शतकात एन्कू नावाच्या फिरत्या भिक्खूने त्याची लाकडी मूर्ती घडवली, ती तेथे आजही आहे. दरबाराच्या वहीत लुटारू राक्षस, आणि गावच्या मंदिरात संस्थापक! चित्रकाराने दरबाराची बाजू घेतली. गोष्ट रंगवायला तीच सोयीची.

माता-भगिनींनो, हे ऐकताना तुम्हाला कोणाची आठवण झाली? दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य येवो, असे आपल्याकडच्या बाया अजून म्हणतात. पुराणात बळी असुर आहे आणि त्याला पाताळात घालणारा वामन देव आहे. मग हरलेल्या असुराचे राज्य परत यावे, असे कुणब्याची बायको का म्हणते? हा प्रश्न महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त धसाला लावला. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव सांगतात, अशा संवादातून त्यांनी दशावतारांची साल काढली. मत्स्य म्हणजे मचव्यांतून आलेली टोळी, आणि वामन म्हणजे बळीचे राज्य बुडवणारा. खंडोबा, जोतिबा हे बळीच्या राज्यातले अधिकारी, आणि म्हसोबा म्हणजे ‘महासुभा’. त्यांच्या सगळ्याच व्युत्पत्ती भाषाशास्त्राला पटतील असे नाही, आणि ते मोकळेपणाने म्हणायला आपण कचरू नये. नमुना सहीचा नियम आपल्या माणसालाही लागू आहे. परंतु ही गोष्ट लिहिली कोणी आणि राक्षस ठरवले कोणाला, हा त्यांचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही तितकाच धारदार आहे.

विरोधकाला राक्षस ठरवणे हा एक मार्ग झाला. दुसरा त्याहून गोड आहे. त्याला आपल्याच देवाचा अवतार म्हणून टाकायचे. बळीला पाताळ मिळाले आणि तथागताला विष्णूचा नववा अवतार करून टाकले. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत ही अवताराची गोष्ट स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तर कसोट्याच दिल्या आहेत. बुद्धवचन म्हणून जे सांगितले जाते, ते बुद्धीला पटते काय, माणसाच्या कल्याणाशी त्याचा संबंध आहे काय? याच ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा नाकारली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिला नव्हता? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला तंटा पुढे ठेवला. पाण्यासाठी माणसे कशी भांडतात, हे पारनेर-पाथर्डीकडच्या श्रोत्यांना मी काय सांगावे!

तेव्हा मुलांच्या हातून मोबाईल हिसकावू नका. सुकुनाचे चित्र दाखवले, तर हिदाची गोष्ट त्यांना सांगा. आणि तरुण मित्रांनो, वेरूळला जाल तेव्हा तीन ताल पाहून थेट कैलासकडे पळू नका. मध्ये पंधरावे लेणे आहे, दशावतार लेणे. ते मुळात बौद्ध विहार म्हणून कोरायला घेतले असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. आत भिंतीवर पाय उंच उचललेला त्रिविक्रम आहे. तेथे जरा थांबा, आणि त्या पायाखाली कोण आहे ते नीट पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!