पानें उडविणारें यंत्र

पानगळीच्या दिवसांत पहाटे आपली झोप चाळवते ती बहुधा खराट्याच्या आवाजानें. अंगणांत किंवा सोसायटीच्या आवारांत कोणीतरी वाळलेलीं पानें लोटीत असतें, आणि तो आवाज आपल्या इतका अंगवळणीं पडला आहे कीं, त्याची तक्रार करावी असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत याच कामाला फार वर्षें एक निराळा आवाज आहे. तेथें माळी पाठीवर एक पेट्रोलचें इंजिन बांधतो, त्याला जोडलेली नळी हातांत धरतो आणि वाऱ्याच्या झोतानें पानें एका कोपऱ्यांत ढकलतो. या यंत्राला लीफ ब्लोअर म्हणतात. आज मी त्याच्याविषयीं बोलणार आहें. विषय आपल्याला क्षुल्लक वाटेल. परंतु या यंत्रासाठीं त्या शहरांत माणसांनीं अन्न सोडलें होतें.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊं. ज्यांच्या घरीं जुनी बजाजची स्कूटर होती त्यांना टू-स्ट्रोक इंजिन समजावून सांगावयास नको. पेट्रोलांत थोडें ऑईल मिसळावें लागे आणि मागून निळसर धूर निघे. अशा इंजिनांत जळलेला धूर बाहेर पडत असतांनाच ताजें इंधन आंत शिरतें, आणि त्यांतील कांहीं भाग न जळतांच धुराबरोबर निसटतो. हा भाग शेंकडा तीसपर्यंतहि जातो. कॅलिफोर्निया राज्याच्या हवा-नियंत्रण मंडळानें असा हिशेब मांडला आहे कीं, धंद्यासाठीं वापरला जाणारा ब्लोअर एक तास चालविला, तर धुरकें उत्पन्न करणारी जेवढी घाण हवेंत मिसळते, तेवढी २०१७ सालच्या एका टोयोटा कॅमरी मोटारीनें ११०० मैल प्रवास केला असतां मिसळते. मुंबईहून निघून दिल्ली गांठली तरी एवढे मैल भरणार नाहींत.

मात्र हा हिशेब धुरक्याचा आहे, पृथ्वीचें तपमान वाढविणाऱ्या कर्बवायूचा नव्हे, हें लक्षांत ठेवलें पाहिजे. तेवढ्या प्रवासांत मोटार शंभराहून अधिक लिटर पेट्रोल जाळील. ब्लोअर तासाला फार तर एकदोन लिटर जाळतो. हवामानाच्या नांवानें या यंत्रावर सगळा राग काढणारे लोक थोडी गफलत करतात, असें माझें मत आहे. या यंत्राचा खरा उपद्रव शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कानांना आणि आसपासच्या हवेला होतो. आणि सर्वांत अधिक, ज्याच्या पाठीवरच धूर निघत असतो त्या माळ्याला.

आणि तरीहि बंदीविरुद्ध उभा राहिला तो माळीच.

ही हकीगत १९९८ सालची आहे. निवासाच्या घरापासून ५०० फुटांच्या आंत पेट्रोलचा ब्लोअर चालवूं नये, असा नियम लॉस एंजेलिसच्या नगरसभेनें केला. आवाजानें आणि धुळीनें त्रासलेले रहिवासी त्यासाठीं कित्येक वर्षें खटपट करीत होते. त्यांत चित्रपटांतील कांहीं नामांकित मंडळीहि होती. नियम मोडणाऱ्यास हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी मूळची तरतूद होती. आतां हे माळी कोण? बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेंतून पोट भरण्यासाठीं आलेले. दिवसाला जितकीं घरें होतील तितका पैसा, असा त्यांचा व्यवहार. हातांतला ब्लोअर काढून झाडू दिला कीं, घरें कमी होणार आणि चूलहि तितकीच मंद होणार. १९९८ च्या जानेवारींत त्यांच्यापैकीं कांहीं जण नगरभवनासमोर उपोषणास बसले. उपोषणाचें शस्त्र आपल्याला नवें नाहीं. पण पानें झाडण्याच्या यंत्रासाठीं तें उचललें गेलेलें मीं तरी दुसरीकडे कोठें ऐकलेलें नाहीं. नगरसभेनें बंदी मागें घेतली नाहीं, कैदेची भीति मात्र काढून टाकली आणि दंड २७० डॉलरवर आणला. पुढें अनेक वर्षें तो नियम बराचसा कागदावरच राहिला. ब्लोअर चालतच होते.

या प्रसंगांत मला दोन्ही पक्षांचें म्हणणें पटतें आणि नगरसभेचें वागणें पटत नाहीं. तिनें माळ्यापासून शांतता मागितली, पण त्याच्या हातांत दुसरें कांहीं दिलें नाहीं. त्या काळीं बॅटरीच्या यंत्रांत ती ताकदहि नव्हती.

पुढें लिथियमच्या बॅटऱ्या आल्या आणि चित्र पालटलें. २०२१ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्निया राज्यानें कायदा केला आणि त्याप्रमाणें १ जानेवारी २०२४ पासून तयार होणाऱ्या बहुतेक लहान इंजिनांना धूर सोडण्याची मुभा राहिली नाहीं. जुनीं यंत्रें वापरण्यास हरकत नव्हती. आणि या वेळीं माळीकाम करणाऱ्या लहान व्यावसायिकांसाठीं तीन कोटि डॉलर बाजूला काढले गेले. व्यावसायिकांची संघटना तरीहि कुरकुरली. तीन माणसांच्या टोळीला दिवसभरासाठीं तीस-चाळीस भरलेल्या बॅटऱ्या लागतील, असें तिचें म्हणणें. आंकडा थोडा फुगविलेला असेल. पण ज्यानें भाड्याची खोली घेतली आहे त्यानें एवढ्या बॅटऱ्या रात्रीं कोठें भराव्या, हा प्रश्न फुगविलेला नाहीं. राजधानी वॉशिंग्टननें वेळेच्या बाबतींत शहाणपण दाखविलें. तेथील कायदा २०१८ चा, पण पेट्रोलच्या ब्लोअरची विक्री आणि वापर बंद झाला तो १ जानेवारी २०२२ पासून. मधल्या तीन वर्षांत जुनें यंत्र झिजवून नवें घेण्यास अवकाश मिळाला.

आतां कोणी म्हणेल, बॅटरी भरणारी वीज तरी कोठून येते? शंका रास्त आहे, आणि म्हणूनच असे नियम शहराच्या व्यापक योजनेपासून तोडून पाहतां येत नाहींत. लॉस एंजेलिसचें वीजखातें शहराच्याच मालकीचें आहे. २०१९ च्या योजनेंत त्या शहरानें २०५० पर्यंत कर्बवायूचा निव्वळ भार शून्यावर आणण्याचें ठरविलें आणि विजेसाठीं २०४५ ची मुदत घातली. २०२१ मध्यें नगरसभेनें ती मुदत २०३५ वर ओढली.

मुंबईनेंहि मार्च २०२२ मध्यें आपला हवामान-कृति-आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्यांतहि २०५० हेंच साल आहे. पानें आपण बहुधा खराट्यानेंच लोटतों, तेव्हां त्या बाबतींत आपण अमेरिकेच्या पुढें आहोंत म्हणावयाचें! पण गवत कापणारीं आणि फांद्या तोडणारीं पेट्रोलचीं यंत्रें आपल्या बागांत आणि आवारांत आलेलीं आहेत. तीं चालविणारा मनुष्य पुष्कळदां कंत्राटदाराचा रोजंदार असतो. नवें यंत्र कधीं आणि कोणाच्या पैशानें यावें, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. पुढच्या खेपेस असा मनुष्य आपल्या आवारांत आला, तर खिडकी लावून घेण्यापूर्वीं यंत्र त्याचें स्वतःचें आहे कीं मालकाचें, आणि पेट्रोलचा खर्च कोण देतो, एवढें त्याला विचारून पाहावें.